राजवायू अभिक्रिया का करत नाहीत? उत्तर लिहिताना या चुका टाळा

राजवायू म्हणजे हेलियम, निऑन, आर्गॉन, झेनॉन वगैरे. ते अभिक्रिया का करत नाहीत? ‘बाह्यतम कवच पूर्ण भरलेलं असतं म्हणून.’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. आता आर्गॉनचं इलेक्ट्रॉन संरूपण (कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन) मांडा: 2, 8, 8. तिसऱ्या कवचाची क्षमता 18. दहा जागा रिकाम्या असताना कवच पूर्ण कसलं? अक्षरशः पूर्ण कवच फक्त हेलियम आणि निऑनचं. आर्गॉनपासून पुढे बाह्यतम कवचातली फक्त एस आणि पी ही उपकवचं (कवचाचे भाग) भरलेली असतात. तेवढं नीट लिहा.

दुसरी चूक जास्त पसरलेली. ‘अणूला अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायचं असतं.’ अणूला काहीच करायचं नसतं हो! हिशोब ऊर्जेचा आहे, आणि तो सगळ्या बाजूंनी मांडावा लागतो. बरेच जण एकच बाजू लिहितात: आयनन ऊर्जा (इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) जास्त, म्हणून इलेक्ट्रॉन सुटत नाही. आर्गॉनची आयनन ऊर्जा मोलला 1521 किलोज्यूल, हे खरं. पण फ्लोरिनची 1681, म्हणजे आर्गॉनपेक्षाही जास्त, आणि फ्लोरिन तर सर्वांत क्रियाशील मूलद्रव्यांपैकी एक! फरक घेण्याच्या बाजूला आहे. फ्लोरिनच्या 2पी उपकवचात एक जागा मोकळी असते. तिथे आलेल्या इलेक्ट्रॉनला केंद्रक घट्ट ओढतं आणि 328 किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. आर्गॉनमध्ये नवा इलेक्ट्रॉन थेट 4एसमध्ये जाणार. आतले 18 इलेक्ट्रॉन केंद्रकाचं आकर्षण जवळजवळ झाकून टाकतात, त्यामुळे त्याला धरून ठेवायला काही उरत नाही. भागीदारीसाठी सुटा इलेक्ट्रॉन लागतो, तोही नाही. देणं महाग, घेणं निष्फळ, वाटून घेणं अवघड. तिन्ही लिहिलं की उत्तर पुरं.

हिशोब ऊर्जेचाच आहे का, अशी शंका असेल तर बेरिलियम तपासा. हेलियमसारखेच बाहेर दोन इलेक्ट्रॉन, तरी तो संयुगं करतो, कारण त्याचं 2पी उपकवच ऊर्जेने जवळ आहे. हेलियमला तसं जवळ काहीच नाही. (हेलियमला ‘अष्टक’ लिहिणारेही भेटतात. ते द्विक आहे, दोनच इलेक्ट्रॉनचं.)

‘कधीच अभिक्रिया करत नाहीत’ हे 1962 पासून चूक आहे. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हे संयुग ऑक्सिजनच्या रेणूकडूनही इलेक्ट्रॉन काढून घेतं, हे रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांना दिसलं होतं. झेनॉनची आयनन ऊर्जा 1170, ऑक्सिजनच्या रेणूची जवळपास तेवढीच. मग झेनॉन का नाही? प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची लाल वाफ आणि रंगहीन झेनॉन खोलीच्या तापमानाला एकत्र आले आणि पिवळसर-नारिंगी घन पदार्थ तयार झाला. त्याच वर्षी झेनॉन आणि फ्लोरिन एकत्र तापवून झेनॉन टेट्राफ्लोराइडही मिळालं. निऑनची आयनन ऊर्जा 2081 आहे, त्यामुळे झेनॉनचं उदाहरण निऑनला लावू नका.

नायट्रोजनला या यादीत घुसवू नका. त्याच्या रेणूचा संथपणा तिहेरी बंधामुळे आहे, 945 किलोज्यूलचा. अष्टकावर ढकललं तर गुण जातात.

आणि निऑनची नळी चमकते ही अभिक्रिया नव्हे. विजेने इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीत जातात आणि खाली येताना प्रकाश देतात. नळीत शेवटपर्यंत निऑनच असतो.