माइनक्राफ्टमध्ये दिवाळीचा किल्ला: लांब लांब राहणाऱ्या पोरांचा ऑनलाइन डाव कसा जमवायचा

दिवाळीचा किल्ला एकट्यानं होतच नाही, एकजण दगड आणतो, दुसरा माती कालवतो, तिसऱ्याच्या घरून पोतं येतं आणि चौथा नुसता मध्येमध्ये करतो तरी तो लागतोच. आमच्या घरातली नऊ पोरं आता पुणे, नाशिक, दुबई आणि न्यू जर्सी अशी पांगलीयेत, मी त्यातल्या कुणाची आत्या, कुणाची मावशी, कुणाची काकू. गेली तीन वर्षं आम्ही शनिवारी माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे ठोकळे (ब्लॉक) रचून हवं ते बांधता येतं त्या गेममध्ये, भेटतो आणि दिवाळीच्या आधी चार-पाच शनिवार मिळून किल्ला बांधतो. बरेच जण विचारतात की पोरं एकमेकांचं मोडत नाहीत का, भांडत नाहीत का, तर सगळं नीट लिहून काढते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे: होस्ट करणाऱ्या, म्हणजे गेममधलं जग उघडून पोरांना बोलवणाऱ्या मोठ्या माणसानं स्वतः बांधायचं नाही. जागा द्यायची, वेळ द्यायची, प्रत्येकाला त्याचं असं एक काम द्यायचं आणि मग हात मागे घ्यायचे. पहिल्या वर्षी मी अर्धा तट स्वतःच बांधून ठेवला होता, पोरांना तयार मिळावं म्हणून, आणि पोरं आली, दोन मिनिटं बघितलं आणि कोंबड्यांच्या मागे पळायला लागली, कारण त्यांच्यासाठी काही उरलंच नव्हतं.

आता तयारी. ही आदल्या दिवशी करायची, त्या दिवशी नाही. गेमचे दोन प्रकार असतात, आधी सगळ्यांना विचारा की तुमच्याकडे बेडरॉक आहे का जावा. फोन, टॅब, एक्सबॉक्स, प्लेस्टेशन, स्विच यांच्यावर चालतं ते बेडरॉक, जावा फक्त कॉम्प्युटरवर, आणि ही दोन एकमेकांच्या जगात येऊ शकत नाहीत. घरात फोन-टॅब असतील तर बेडरॉकच धरा. एक्सबॉक्स, प्लेस्टेशन आणि स्विचवाल्यांना ऑनलाइन खेळायला त्या कंपनीचं वेगळं सबस्क्रिप्शन लागतं हे त्यांच्या आईबाबांना आधी सांगा. गेमचं व्हर्जन सगळ्यांचं सारखं पाहिजे, म्हणून शुक्रवारी रात्री ग्रुपवर टाकायचं, अपडेट करून ठेवा रे. आणि लहान मुलांचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट चाइल्ड अकाउंट असतं, त्यात मल्टिप्लेअर खेळायची आणि मित्र जोडायची परवानगी पालकांनी चालू केल्याशिवाय ते पोर आत येऊच शकत नाही. आमचा पहिला शनिवार अख्खा यातच गेला, सात वर्षांची भाची बिचारी स्क्रीनसमोर बसून रडत होती आणि तिच्या बाबांना पासवर्ड आठवत नव्हता.

जग कुठे ठेवायचं याचे दोन मार्ग. एक, तुमच्याच मशीनवर जग उघडायचं आणि बाकीच्यांना बोलवायचं, फुकट आहे पण तुम्हाला धरून एका वेळी आठच जण मावतात, आणि तुम्ही बाहेर पडलात की सगळेच बाहेर. दुसरा म्हणजे रेल्म, महिन्याला पैसे भरायचे आणि जग कायम चालू राहतं, तुम्ही नसताना पण पोरं जाऊ शकतात. रेल्म्स प्लसमध्ये मालक सोडून एका वेळी दहा जण येतात. माझं मत विचाराल तर आठाच्या आत असाल तोवर पहिल्या वर्षी रेल्म नको. मोठं माणूस नसताना पोरं आत असली की तिथेच मोडतोड होते, आणि शनिवारची वाट बघण्यात जी मजा आहे ती पण जाते.

जग बनवताना मोड क्रिएटिव्ह म्हणजे हवे तेवढे ब्लॉक मिळतात आणि उडता येतं, चीट्स चालू म्हणजे कमांड देता येतात, डिफिकल्टी पीसफुल म्हणजे राक्षस येत नाहीत आणि कुणाला भूक लागत नाही. फायर स्प्रेड्स बंद, म्हणजे आग पसरत नाही. टीएनटी एक्सप्लोड्स बंद, म्हणजे स्फोटकं फुटत नाहीत, हे विसरूच नका. शो कोऑर्डिनेट्स चालू, कारण कुणीतरी हरवतंच आणि मग आकडे वाचून त्याला परत आणता येतं. ऑलवेज डे चालू करा, नाहीतर गेममधला अख्खा दिवस-रात्र वीस मिनिटांत संपतो आणि ऐन रंगात आलं की अंधार. जगात कोण येऊ शकतं ते इन्व्हाइट ओन्ली. कुणी नवीन पोर पहिल्यांदा येत असेल तर त्याला व्हिजिटर परवानगी देऊन आधी नुसतं फिरू द्या, मग बांधता यावं म्हणून मेंबर करा, सगळे हक्क असलेला ऑपरेटर मात्र तुम्ही एकटेच.

गेममध्ये बोलायची सोय नाहीये, म्हणून दुसऱ्या फोनवर व्हॉट्सअपचा ग्रुप कॉल लावायचा, आणि पोरांना हेडफोन घालायला लावायचा, नाहीतर एकाच घरातल्या दोन पोरांचा आवाज घुमत राहतो.

वेळेचं गणित मात्र नीट करा. आमची वेळ भारतात संध्याकाळी साडेसात, तेव्हा दुबईत सहा आणि न्यू जर्सीत सकाळचे दहा. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळ एक तास मागे जातं आणि मग तिकडे नऊच वाजलेले असतात, आणि हे नेमकं दिवाळीच्या आसपास येतं. ग्रुपवर दरवेळी तिन्ही वेळा लिहा.

कुठला किल्ला करायचा हे पोरांना ठरवू द्या पण यादी तुम्ही द्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपले बारा किल्ले आले, साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तामिळनाडूतला जिंजी. त्याच नावांच्या चिठ्ठ्या करता येतात. पहिल्यांदाच करत असाल तर मात्र चिठ्ठी न टाकता सिंधुदुर्ग घ्या. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ मध्ये बांधलेला, म्हणजे गेममध्ये समुद्रातलं एक बेट शोधायचं आणि त्याच्या काठाकाठानं वळणावळणाचा तट घालायचा, सगळ्यात लहान पोरालाही जमतं. दुसऱ्या वर्षी राजगड, कारण तो किल्ला मुळातच वाटून घेण्यासारखा आहे, पद्मावती माची, सुवेळा माची, संजीवनी माची आणि मध्ये बालेकिल्ला, चार जागा चार टोळ्या. आम्ही नऊ जण होतो, आठ जणांच्या चार जोड्या आणि नववा सामान पोचवणारा, आणि ते काम मिळावं म्हणून पोरांत मारामारी, कारण त्याला सगळीकडे उडत फिरता येतं.

जोड्या लावताना सख्खी भावंडं एकत्र टाकू नका. नाशिकची बारा वर्षांची आणि न्यू जर्सीचा आठ वर्षांचा अशी जोडी लावा. तिकडच्या पोराचं मराठी कामातून सुधारतं, बुरुज, तटबंदी, चोरदरवाजा, जंग्या (तटातली मारा करायची भोकं) हे शब्द तो पाठ करत बसत नाही, हातात ब्लॉक असताना आपोआप तोंडात येतात.

डोंगर तयार घ्या, सपाट जगात मातीचा डोंगर रचू नका. आम्ही एकदा केलं, दोन शनिवार नुसती माती टाकण्यात गेले आणि लहानांपैकी कुणी उरलं नाही. साध्या जगात उडत फिरलं की कडे असलेला डोंगर सापडतोच. एक ब्लॉक म्हणजे एक मीटर धरतात, त्यामुळे खऱ्या मापाचा किल्ला करायच्या फंदात पडू नका, चौसष्ट बाय चौसष्टची जागा चारी कोपऱ्यांना रंगीत लोकर लावून आखून घ्या, तेवढी पुरते.

दगड कुठला हे पोरांना सांगण्यात मला फार आनंद होतो. सह्याद्रीचा खडक म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण, आणि गेममध्ये बेसॉल्ट नावाचाच ब्लॉक आहे. नुसता लावला तर फार काळा दिसतो, त्यात कॉबलस्टोन आणि शेवाळलेल्या स्टोन ब्रिक्स मिसळल्या की खरा जुना तट वाटतो. कोकणातला किल्ला असेल तर जांभ्यासाठी लाल किंवा तपकिरी टेराकोटा. आणि इथे एक धोका आहे. आपण खऱ्या किल्ल्यावर अळीव पेरतो तशी हिरवळ हवी म्हणून पोरं मॉस म्हणजे शेवाळाचा ब्लॉक ठेवून त्यावर बोन मील, म्हणजे हाडांचं खत टाकतात. मॉस आजूबाजूचा साधा दगड, करडा अँडेसाइट दगड, माती सगळं खाऊन हिरवं करत जातो. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी आमच्या दुबईच्या पुतण्यानं अँडेसाइटमध्ये केली होती, तीन संध्याकाळींचं काम, आणि कुणीतरी प्रेमानं हिरवळ लावायला गेलं तर बघता बघता आतली भिंत मऊ हिरवी. बेसॉल्ट, कॉबलस्टोन आणि स्टोन ब्रिक्सना मॉस हात लावत नाही, म्हणून तट त्यांचाच करा.

मावळ्यांची चित्रं हवीतच. आर्मर स्टँड, म्हणजे कपडे-चिलखत अडकवायचे पुतळे, उभे करायचे आणि त्यांना चामड्याची टोपी आणि अंगरखा घालायचा. बेडरॉकमध्ये कढईत पाणी भरून त्यात रंग टाकला की त्यात चामडं रंगवता येतं. आमची सात वर्षांची भाची एक अख्खा शनिवार त्या कढईपाशी उभी होती, एकेक टोपी भगवी करायची आणि ओरडायची, "आत्या, अजून एक झाला!" स्नीक करून, म्हणजे वाकून, स्टँडवर क्लिक केलं की त्याची हातापायांची ठेवण बदलते, हे तिनंच शोधून काढलं आणि मग प्रत्येक मावळा वेगळा उभा केला. असं काम लहानांना द्या, कुणी घाई करू नका.

नुसतं बांधकाम मात्र पाऊण तासाच्या वर नको. आमचा साधारण क्रम असा की पहिली दहा मिनिटं नुसतं उडणं आणि गप्पा, यात ढवळाढवळ करायची नाही, पोरं आठवडाभरानं भेटतात. मग पंधरा मिनिटं खेळ, मग बांधकाम, शेवटी फेरी.

खेळात सगळ्यात चांगला चालतो डोंगर का पाणी. वीस बाय बाराचं मैदान करा, अर्धं एक ब्लॉक उंच गवताचं आणि अर्धं एक ब्लॉक खोल पाण्याचं. सगळ्यांना ॲडव्हेंचर मोडमध्ये टाका, ते चॅटमधून कमांड देऊन होतं, म्हणजे कुणी उडत नाही आणि जमीन पण फोडत नाही. मग कॉलवर ओरडायचं डोंगर, किंवा पाणी, आणि तीन मोजून बघायचं कोण चुकीच्या जागी आहे. तीन मोजणं जरुरीचं आहे कारण परदेशातल्या पोराला आवाज क्षणभर उशिरा पोचतो आणि तो दरवेळी आउट झाला तर त्याचा जीव खट्टू होतो. शेवटी उरेल त्याच्यावर राज्य, म्हणजे पुढचं ओरडायचं काम त्याचं.

लपंडाव पण मस्त होतो, किल्ल्यातच खेळायचा, पण २०२५ च्या उन्हाळ्यात आलेल्या अपडेटपासून स्क्रीनवर खाली एक लोकेटर बार दिसतो, त्यात बाकीचे खेळाडू कुठल्या दिशेला आहेत ते ठिपक्यांनी कळतं. तो सेटिंगमध्ये बंद करा, नाहीतर राज्य घेणाऱ्याला काही शोधावंच लागत नाही. तट उभा राहिला की मग हल्ला खेळायचा. रायगडाच्या महादरवाजासारखं गोमुखी दार करायला सांगा, म्हणजे दोन बुरुजांच्या कवेत लपलेलं, समोरून दिसत नाही आणि वळून आत यावं लागतं. एकजण शत्रू होऊन पळत येतो आणि बाकीचे बुरुजावरून स्नोबॉल मारतात. तो सरळ दारापर्यंत पोचला तर दार चुकलं. वळण का ठेवायचे हे पोरांना त्या पाच मिनिटांत कळलं, त्यानंतर तिघांनी आपापली दारं पाडून परत बांधली, मी काही बोलले नव्हते.

रांगोळीसाठी एक जागा राखून ठेवा, पंधरा बाय पंधरा, विषम आकडाच घ्या म्हणजे मध्ये नेमका एक ब्लॉक येतो. सोळा रंगांचे गालिचे मिळतात, मधून सुरू करून चारी बाजूंना सारखं. ठिपक्यांची रांगोळी येणाऱ्या आजीला कॉलवर बसवा, ती सांगेल आणि पोरं घालतील. आमच्या आईनं कधी गेम हातात घेतला नाही पण रांगोळीच्या शनिवारी तीच होस्ट असते.

भांडण होतं. कुणी दुसऱ्याचं मोडलं तर सगळ्यांसमोर ओरडू नका, कॉलवर तर अजिबात नको, त्याला बाजूला उडत घेऊन जा आणि विचारा. बहुतेक वेळा त्याला स्वतःचं काम नीट कळलेलं नसतं, किंवा संपलेलं असतं आणि तो रिकामा असतो. नवीन काम द्या, आणि मोडलेलं दोघांनी मिळून बांधायचं. पहिला नंबर, दुसरा नंबर हे आम्ही बंद केलं. त्याऐवजी फेरीच्या वेळी प्रत्येकाकडे मेणबत्त्या असतात, ज्याचं काम आवडलं त्याच्यासमोर पणती म्हणून लावायची, एका ब्लॉकवर चार मावतात. न लावलेली जागा राहिली तर ती लावायचं काम होस्टचं, एवढंच मी तिथे हातानं करते.

संपवताना दहा मिनिटं आधी सांगा, मग पाच, मग एक. पोरं एकेक करून बाहेर पडू द्या, तुम्ही शेवटी निघा. आणि लगेच, चहा टाकायच्या पण आधी, जगाच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉपी वर्ल्ड करा आणि तारीख टाकून ठेवा. ती हिरवी झालेली भिंत आम्हाला परत मिळाली ती आदल्या शनिवारच्या कॉपीमुळेच, बाकीच्यांचं एका दिवसाचं काम पुन्हा करावं लागलं, पण पुतण्याची भिंत वाचते म्हटल्यावर कुणी कुरकुर केली नाही.