इटालियन वाईन शिकायचीय? आधी द्राक्षं धरा, नावं नंतर

हॉटेल मॅनेजमेंट करून वाईन सर्व्हिसमध्ये यायचंय अशा पोरापोरींचे मेसेज येतात, आणि बहुतेकांची गाडी इटलीवर येऊन अडलेली असते. अडणारच ना. 20 प्रांत, वाईनच्या द्राक्षांच्या मान्यता असलेल्या जाती साडेतीनशेच्या वर, आणि सगळ्यात वरच्या दर्जाच्या म्हणजे डीओसीजी वाईन्सच सत्तरच्या पुढे. हे सगळं घोकायला बसलात तर महिन्याभरात वैतागाल आणि समोर ग्लास आला की डोकं ब्लँक. माझं म्हणणं सरळ आहे, सुरुवातीला सात-आठ द्राक्षं घ्यायची, त्यांची चव तोंडात बसवायची, बाकीचं हळूहळू त्याला चिकटत जातं.

पण त्याआधी लेबल वाचायला शिका. इटालियन लेबलवर कधी गावाचं नाव असतं, कधी द्राक्षाचं, कधी दोन्ही. बारोलो हे गाव, आत द्राक्ष नेब्बिओलो, आणि लेबलवर नेब्बिओलो लिहिलेलंच नसतं बऱ्याचदा. बार्बेरा दास्तीमध्ये बार्बेरा द्राक्ष आणि आस्ती शहर. सगळ्यात डेंजर मोंतेपुल्चानो, आब्रुत्झो प्रांतात ते द्राक्ष आहे आणि तोस्काना प्रांतात ते गाव आहे, त्या गावची विनो नोबिले नावाची वाईन मुख्यतः सांजोवेझेची असते. परीक्षेतही इथेच पकडतात आणि गेस्टही इथेच पकडतात.

मी नवीन माणसाला पहिला ग्लास नेब्बिओलोचा देतो. रंग बघून वाटतं हलकी वाईन आहे, फिकट, कडेला विटकरी झाक, वास गुलाबाचा, थोडा डांबराचा, आणि मग घोट घेतला की टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरटपणा, हिरड्यांना असं धरतं की जास्त उकळलेला कोरा चहा आठवावा. वर ॲसिडिटी एवढी की तोंडाला पाणी सुटतं. रंग फिकट, टॅनिन जबरदस्त, ॲसिडिटी कडक, हे कॉम्बिनेशन एकदा डोक्यात बसलं की ब्लाइंड टेस्टिंगला, म्हणजे लेबल न बघता चाखताना, नेब्बिओलो सहसा निसटत नाही. वायव्य इटलीतल्या पिएमोंते प्रांतातल्या लांगे टेकड्यांवर हे द्राक्ष नखरेल म्हणूनच ओळखलं जातं, कोंब लवकर फुटतात आणि पिकतं मात्र सगळ्यांच्या शेवटी, ऑक्टोबर उजाडतो, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेला, भरपूर ऊन मिळणारा उतार त्यालाच. जिथलं बर्फ आधी वितळतं तिथे नेब्बिओलो लावायचं असा तिथल्या शेतकऱ्यांचा जुना हिशेब. जरा कमी बऱ्या जागी बार्बेरा, आणि जिथे नेब्बिओलो पिकणारच नाही अशा थंड जागेत दोलचेत्तो, ते लवकर पिकतं म्हणून चालून जातं. म्हणजे एकच टेकडी नीट समजली तरी तीन द्राक्षं एका झटक्यात कळतात. बारोलो विकायला यायच्या आधी किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडात, हा आकडा मात्र पाठच करा, विचारतातच.

मग तोस्काना, म्हणजे सांजोवेझे. आंबट चेरी, थोडी मातकट-पाल्याची चव, आणि परत ॲसिडिटी. कियांती क्लासिकोत ते किमान 80 टक्के लागतं (पूर्वी यात पांढरी द्राक्षं पण घालायचे, ते 2006 पासून बंद), ब्रुनेल्लो दी मोंतालचीनोत 100 टक्के. आपल्या सोयीची गोष्ट म्हणजे सांजोवेझे अकलूजला पण लावलंय, फ्रातेल्ली ही वाईन कंपनी करते. दोन्ही शेजारी ठेवून प्या, सोलापूरच्या उन्हात त्याच द्राक्षाचं काय होतं हे कुठल्याही नोट्सपेक्षा लवकर कळेल.

ईशान्येकडच्या वेनेतो प्रांतात द्राक्षापेक्षा पद्धत महत्त्वाची. कोर्वीना हे तसं साधं, हलक्या वाईनचं द्राक्ष, पण अमारोने करायला घड तोडून हवेशीर माळ्यावर तीन-चार महिने सुकवतात, पाणी उडून साखर वाढते, आणि ती सगळी साखर आंबवली की 15-16 टक्क्यांची दणकट वाईन होते. प्रोसेक्को ग्लेरा द्राक्षाची, सोआवे गारगानेगाची, एवढं सध्या पुरे.

दक्षिणेला लोक उगाच शेवटी ठेवतात असं मला वाटतं, खरी मजा तिकडेच आहे. काम्पानियाचं आल्यानिको, त्याची ताउरासी, नेब्बिओलोइतकीच कडक टॅनिनवाली पण रंगाने काळपट. पुल्याचं प्रिमितिवो म्हणजे अमेरिकेतलं झिनफांडेल, डीएनए तपासून सिद्ध झालंय आणि मूळ सापडलं क्रोएशियात. सिसिलीत एत्ना ज्वालामुखीच्या उतारावर नेरेल्लो मास्कालेझे, हजारेक मीटर उंचीपर्यंत मळे आहेत. पांढऱ्यात इथलं फियानो आणि मध्य इटलीतलं वेर्दिक्क्यो चुकवू नका, पिनो ग्रीजोच्या नादात या दोघांवर फार अन्याय होतो.

कोर्सचं विचाराल तर डब्ल्यूसेट (वाईन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट) या संस्थेच्या लेव्हल 2 पासून थेट सुरू करता येतं, लेव्हल 1 केलीच पाहिजे असं नाही. 50 ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, एक तास. लेव्हल 3 ला लिहावं पण लागतं आणि दोन वाईन्स ब्लाइंड चाखून टिपण द्यायचं असतं, तिथे पाठांतरवाले अडकतात. फक्त इटलीच करायचंय तर विनइताली या इटलीतल्या वाईन मेळ्याच्या ॲकॅडमीचा ॲम्बॅसेडर कोर्स आहे, पण तो खूप पुढचा, लगेच उड्या मारू नका. फी आणि बाटल्या दोन्ही महाग, त्यामुळे पाच-सहा जणांनी काँट्री काढून बाटली फोडायची, प्रत्येकाला थोडी थोडी, घोट थुंकायचा (हो, थुंकायचाच, तिसऱ्या ग्लासानंतर जीभ काही सांगत नाही), आणि टिपण तिथल्या तिथे लिहायचं, घरी जाऊन नाही.

नोकरीत याचा उपयोग कुठे होतो सांगतो. गेस्टला बारोलो हवी असते पण किंमत बघून तो मेन्यू मिटतो. तेव्हा तुम्हाला लांगे नेब्बिओलो सुचवता आली पाहिजे, द्राक्ष तेच, भाग तोच, मुरवायची सक्ती नाही म्हणून बरीच स्वस्त. तसंच ब्रुनेल्लोच्या जागी रोस्सो दी मोंतालचीनो, आणि अमारोनेच्या जागी वाल्पोलिचेल्ला रिपास्सो, जी अमारोनेच्याच उरलेल्या चोथ्यावर परत आंबवलेली असते. या तीन जोड्या इंटरव्ह्यूला जायच्या आधी चाखून जा, नुसत्या वाचून नाही, कारण पुढचा प्रश्न हमखास येतो की मग फरक काय लागला.