माक्याचं तेल बिघडतं कशानं? या चुका टाळा

केसांसाठी माक्याचं तेल घरी करताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे तेल लवकर उतरवणं. रंग काळपट हिरवा झाला, वास सुटला की लोक गॅस बंद करतात. पण रंग अर्ध्या वाटेवरच येतो, रसातलं पाणी तोवर तेलातच असतं. अशी बाटली काही दिवसांत तळाशी गढूळ होते, झाकण काढलं की आंबूस वास. मग कितीही गाळा, ते तेल फेकावंच लागतं.

250 मिली तिळाच्या तेलाला 1 लिटर माक्याचा रस आणि 30 ग्रॅम वाटलेला पाला घ्या. रस उकळताना फेस चढतो, म्हणून गंज (पातेलं) दुपटीनं मोठा हवा. आच मंद ठेवा, तळ खरवडत ढवळा. गाळ आधी चिखलासारखा असतो, पुढे मेणासारखा होतो. तेव्हा चमचाभर काढून, निववून बोटांत वळा. वात वळली की चिमट्यात धरून विस्तवावर न्या. तडतडली तर पाणी आहे. मुकाट जळली तर तेल झालं. याच सुमाराला तेलावर पुन्हा फेस येतो. आता लगेच उतरवा, गाळ करपला तर तो वास जात नाही. गरम असतानाच फडक्यातून गाळा, पूर्ण निवल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत भरा.

तासाभरात उरकायचं असेल तर या वाटेला जाऊच नये. रस तीन दिवस थोडा थोडा आटवणं ही जुनीच रीत आहे. मिक्सरमध्ये पाणी घालून ‘रस’ वाढवणं म्हणजे पाणीच मोजणं.

दुसरी चूक माका ओळखण्यातली. लांब दांड्यावर एकेक फूल, मध्ये पिवळं, पानं दातेरी: ती कंबरमोडी. बंगल्यांपुढे पसरलेला पिवळ्या फुलांचा वेलही वेगळा. माक्याचं फूल बारीक पांढरं, पानं अरुंद, खरखरीत, समोरासमोर. पाला तळहातावर चोळा. थोड्या वेळात डाग काळा पडतो.

जवसाचं तेल वापरू नका, ते हवेत चिकट होतं.

टकलावर केस उगवतील असं कुणाला सांगू नका. चट्टे पडत असतील तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

नागपुरातल्या नाग नदीकाठचा माका कितीही टवटवीत दिसला तरी तोडू नका, तिथं सांडपाणी आहे. धानाच्या बांधीतला घेण्याआधी तणनाशक कधी मारलं ते शेतकऱ्याला विचारा.