पवनचक्कीची जुनी पाती उतरवलीत? कटर लावायच्या आधी हे बघा

पातं खाली आलं की लगेच कटर घेऊन धावू नका. आधी माल कुठे जाणार ते पक्कं करा, कारण तुकडा केवढा करायचा हे त्यावरच ठरतं आणि एकदा कापलं की कापलं.

टॉवरचं स्टील, जनरेटरमधलं तांबं कुणीही भंगारवाला हसत उचलतो, डोकेदुखी फक्त पात्यांची. ती बनतात काचेचं फायबर आणि ते घट्ट चिकटवून ठेवणारं इपॉक्सीसारखं रेझिन यांची, आणि हे रेझिन एकदा सेट झालं की बादलीच्या प्लास्टिकसारखं वितळवून परत ओतता येत नाही. कापलेल्या तोंडाकडून बघा, बाहेर काचेचे थर, मध्ये बाल्सा लाकूड नाहीतर फोम, अगदी सँडविच.

आता पातं धड असेल तर आख्खंच वापरता येतं का ते आधी बघा. डेन्मार्कमध्ये आल्बोर्गला सायकल स्टँडचं छप्पर केलंय, आयर्लंडमध्ये कॉर्कला चक्क पादचारी पूल. हातोडीने हलकं ठोकत जा, टणक आवाज आला तर बरं, भद्द आला तर आत थर सुटलेत समजा. अर्थात हा झाला अंदाज, पूल करायचा तर इंजिनिअरकडून तपासणी हवीच.

बाकीची पाती सिमेंटच्या भट्टीत पाठवा. बुडाचे बोल्ट आणि आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत नेणारी आतली तार काढा, मग श्रेडरमध्ये घालून बारीक तुकडे करा. भट्टीत रेझिन जळून तेवढा कोळसा वाचतो आणि काचेतलं सिलिका, कॅल्शियम क्लिंकरमध्येच (भट्टीतून निघणारे, दळून सिमेंट होणारे खडे) जातं, वेगळी राख उरत नाही. "हे तर जाळणंच झालं" म्हणतात लोक, अर्धं खरंय, पण पुरून ठेवण्यापेक्षा मला हेच पटतं. पायरोलिसिसमध्ये म्हणजे हवेशिवाय तापवून फायबर सुटं होतं खरं, पण काचेचं फायबर त्यात बरंच कमजोर होतं, त्यामुळे कार्बन फायबर असेल तरच त्या फंदात पडा. २०२१ मध्ये सीमेन्स गमेसा या पवनचक्की बनवणाऱ्या कंपनीने सौम्य ॲसिडमध्ये रेझिन विरघळतं अशी पाती आणली, पण तुमची वीस वर्षं जुनी पाती त्यातली नाहीत.

कापताना डायमंड कटर आणि सतत पाणी, आणि ते पाणी जमिनीत सोडू नका, साठवा. काचेची बारीक धूळ उडते, म्हणून मास्क चांगला घ्या, रुमाल बांधून भागत नाही, बाह्यांना मनगटाशी टेप मारा. आणि ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर मशीनला लावू नका, मी एकदा लावले आणि आठवडाभर अख्खं घर खाजवत होतं.