टोइंगमध्ये मोटारसायकल मोडली, तर भरपाई कशी मागावी

टोइंगवाल्यांनी उचलून नेलेल्या गाड्या पुण्यातल्या माझ्या गॅरेजमध्ये बारा महिने येतात. इंडिकेटर वायरला लोंबकळतोय, हँडल लॉक गेलंय, टाकीवर हातभर चरा. गाडीबरोबर मालकाला मिळालेले सल्लेही येतात. निम्मे लोक म्हणतात, पोलिसांच्या नादी कुठे लागतोस, सोडून दे. उरलेले म्हणतात, ठोक एफआयआर. पहिल्या सल्ल्याने खिसा रिकामा होतो. दुसऱ्याने अख्खा दिवस चौकीच्या बाकावर जातो, कारण तिथे नुकसान मुद्दाम केलं, किंवा होणार हे माहीत असून केलं, असं दाखवावं लागतं. टोइंगच्या पोरांनी घाईत गाडी आपटली हा निष्काळजीपणा झाला. त्याचे पैसे मागायचे असतात.

मागायचे कोणाकडे? बहुतेक ठिकाणी टोइंगची गाडी आणि पोरं ठेकेदाराची असतात, सोबत एक वाहतूक पोलीस असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ प्रमाणे नो पार्किंगमधली गाडी हलवायची परवानगी गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने द्यायची असते आणि टोइंगचा खर्च मालकाच्या माथी बसतो. खर्च मालकाचा, इथवर ठीक. पण मोडतोडही मालकाच्याच पदरात, असं त्या कलमात कुठे लिहिलेलं नाही. म्हणून मागणी ठेकेदाराकडे करायची आणि अर्ज वाहतूक शाखेला द्यायचा. दोघांना एकदमच.

१. गाडी कुठे आहे ते बघा

रस्त्यावर खडूने विभागाचं नाव लिहिलेलं असतं. नसेल तर जवळच्या वाहतूक पोलिसाला विचारा आणि ई-चलान तपासा. उचलताना तुम्ही समोर असाल तर हुज्जत घालू नका, फोन काढा आणि व्हिडिओ घ्या. टोइंगच्या गाडीची नंबरप्लेट त्यात आली पाहिजे.

२. नो पार्किंगचं भांडण घरी ठेवा

पाटी झाडामागे होती, आज सम तारीख होती, फक्त दोन मिनिटं औषध घ्यायला थांबलो होतो. सगळं खरं असेल. पण हा वाद आणि मोडलेल्या गाडीचा वाद एका अर्जात घातलात की समोरच्याला सोयीचं होतं: तो पाटीबद्दल उत्तर देतो आणि इंडिकेटर विसरतो. दंड मुकाट्याने भरा. पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १,५००, शिवाय टोइंगचा आकार. दंड भरल्याने भरपाईचा हक्क जात नाही. गाडी चुकीच्या जागी लावली हे कबूल करूनही ती नीट उचलायला हवी होती असं म्हणता येतं, आणि उलट तेच ठामपणे म्हणता येतं.

३. चौकीत गाडीला हात लावायच्या आधी

सगळी मेख इथे आहे. चौकीत गेल्यावर लोक आधी खिडकीकडे धावतात, पैसे भरतात, किल्ली फिरवतात आणि निघतात. चरा दिसतो तो घरी आल्यावर. दुसऱ्या दिवशी चौकीत गेलात तर उत्तर ठरलेलं: 'इथून नेताना तर बरी होती की!' आणि त्याला तुमच्याकडे उत्तर नसतं. गाडी फाटकाबाहेर गेली की नुकसान टोइंगमध्ये झालं हे सिद्ध करणं जवळपास अशक्य. गिऱ्हाइकांबरोबर चौकीत जायला लागलो तेव्हा मीही इथेच अडायचो. मोडतोड डोळ्यांना दिसायची, पण ती आजची आहे हे कशावरून, याला जवाब नसायचा.

तर क्रम असा. आधी गाडी जिथे, जशी उभी किंवा आडवी आहे तशीच तिची चारी बाजूंनी चालता व्हिडिओ घ्या. मागे चौकीची पाटी, बाकीच्या उचललेल्या गाड्या, शक्य तर टोइंगची गाडी दिसू द्या. नंबरप्लेटपासून सुरू करा आणि मध्ये थांबवू नका; तुकड्यातुकड्यांत घेतलेल्या व्हिडिओवर शंका घेणं सोपं असतं. मग प्रत्येक मोडलेल्या जागेचे दोन फोटो काढा, एक लांबून जागा कळेल असा आणि एक अगदी जवळून.

जवळच्या फोटोत काय दिसलं पाहिजे ते नीट सांगतो, कारण खटका त्याच्यावरच उडतो. प्लास्टिकची ताजी मोड कोरी असते. कडा धारदार, आतला रंग स्वच्छ. जुन्या मोडीत धूळ आणि तेलाचा काळा थर बसलेला असतो. लोखंडावरचा ताजा चरा चकाकतो, त्याच्या कडेला रंगाची भुकटी चिकटलेली असते. बोट फिरवलं तर हाताला लागते. म्हणूनच फोटोच्या आधी बोट फिरवायचं नाही. पावसाळ्यात उघडं पडलेलं लोखंड एका रात्रीत लालसर होतं. उद्या काढलेला फोटो तुमच्या विरुद्ध जातो तो असा.

आता हँडल लॉक. लॉक केलेली गाडी उचलायची तर काही पोरं हँडलला हिसडा मारतात आणि आतली जीभ वाकते किंवा तुटते. बाहेरून काही दिसत नाही. किल्लीने लॉक लावून बघा: जीभ बसत नसेल, किंवा लॉक असूनही हँडल थोडं फिरत असेल, तर काम झालेलं आहे. हे करतानाचाही व्हिडिओ घ्या. बऱ्याच गाड्यांत हे लॉक इग्निशन स्विचच्याच भांड्यात असतं, त्यामुळे अख्खा लॉकसेट बदलावा लागतो, नाहीतर टाकीला एक किल्ली आणि स्विचला दुसरी घेऊन फिरा.

पुढचा शॉकअप सरळ आहे का ते गाडीसमोर उकिडवं बसून बघा. पुढचं चाक आणि हँडल एका रेषेत नसेल तर ते लिहून ठेवा. पुढच्या चाकातून साखळी घातली असेल तर डिस्क प्लेट बघा, गाडी ढकलताना चाक एका ठरावीक जागी अडत असेल तर प्लेट वाकलीय. पेट्रोलचा वास येतोय का, खाली ओल आहे का, तेही बघा. आडवी पडलेली गाडी लगेच सुरू करू नका, पाच-दहा मिनिटं सरळ उभी राहू द्या.

आणि मग वही. गाडी सोडताना बऱ्याच ठिकाणी रजिस्टरवर सही घेतात आणि तिथे 'वाहन सुस्थितीत मिळाले' अशा अर्थाची ओळ छापलेली असते. लोक न वाचता सही ठोकतात. मागे दहा माणसांची रांग, खिडकीतला कर्मचारी घाई करतोय, अशा वेळी वाचायचं सुचत नाही हे मान्य. तरी थांबा. सहीच्या शेजारी स्वतःच्या हाताने लिहा: 'डावा इंडिकेटर, क्लच लिव्हर व हँडल लॉक तुटलेल्या स्थितीत मिळाले. तक्रार करणार आहे.' तारीख, वेळ. त्या पानाचा फोटो. लिहू दिलं नाही, तर दंडाच्या पावतीच्या मागे तेच लिहा, सोबत आलेल्या मित्राची सही घ्या आणि ड्युटीवरच्या अंमलदाराचं नाव आणि बक्कल नंबर टिपून ठेवा. आवाज चढवू नका. चौकीत ओरडणारा माणूस रोज येतो, लिहिणारा क्वचित येतो, आणि त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं जातं.

इथेच कधीकधी टोइंगवाला बाजूला घेऊन दोन-तीनशे रुपये पुढे करतो. फक्त आरसा गेला असेल तर खुशाल घ्या, दिवस वाचतो. हँडल किंवा शॉकअपबद्दल थोडीही शंका असेल तर घेऊ नका, आणि 'तक्रार नाही' असं तर मुळीच लिहून देऊ नका.

४. त्याच दिवशी अंदाजपत्रक

दुरुस्ती नंतर, आधी कागद. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून लेटरहेडवर, जीएसटी क्रमांकासह अंदाजपत्रक घ्या. माझ्यासारख्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याचा कागद समोरचे लोक मानत नाहीत, हे मीच सांगतो. काम नंतर कुठेही करा. प्रत्येक भागाची वेगळी ओळ, वेगळी किंमत, मजुरी वेगळी. या निमित्ताने जुना फाटका सीट कव्हरही त्यात घालायचा मोह होतो. घालू नका, एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या खऱ्या ओळीही बुडतात.

बदललेले तुटके भाग पिशवीत घालून ठेवा. फोटो फोनमध्ये मूळ स्वरूपात राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गाडी उचलली त्या जागेसमोर दुकान असेल तर त्याच दिवशी जाऊन कॅमेऱ्याचं चित्रण मागा. बऱ्याच दुकानांत थोड्याच दिवसांत जुन्यावर नवं चढतं.

५. अर्ज

पानभरापेक्षा मोठा नको. पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा यांच्या नावे, प्रत संबंधित वाहतूक विभागाच्या निरीक्षकांना आणि ठेकेदाराला. ठेकेदाराचं नाव टोइंगच्या पावतीवर शोधा. दंड आणि टोइंगचा आकार वेगळे दाखवले असतील तर टोइंगच्या पावतीवर ते बहुधा सापडतं. मजकूर असा: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणाहून माझी मोटारसायकल क्रमांक अमुक टोइंग वाहन क्रमांक अमुकने नेली. दंड व टोइंग आकार भरला आहे, त्याबद्दल वाद नाही. वाहन ताब्यात घेताना पुढील भाग तुटलेले आढळले व तशी नोंद तेथेच केली. दुरुस्तीचा खर्च इतके रुपये, अंदाजपत्रक सोबत. ही रक्कम पंधरा दिवसांत मिळावी.

बस. त्यात नागरिकांवर होणारा अन्याय, कररूपी पैसा वगैरे काही नको.

अर्ज हातोहात द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोहोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. ठेकेदाराची प्रत स्पीड पोस्टाने. माझ्या बघण्यात बरीचशी प्रकरणं इथेच मिटतात, कारण साहेबांच्या टेबलावर कागद गेलेला ठेकेदाराला आवडत नाही.

६. उत्तर आलंच नाही तर

माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा नेमकं मागा: टोइंगच्या करारनाम्याची प्रत, त्यातली वाहनाच्या नुकसानीबद्दलची अट, आणि तुमच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची टिपणी. नुकसानीची जबाबदारी ठेकेदाराची, अशी अट करारात निघाली तर पुढच्या पत्रात तिचा क्रमांक घाला. मग पत्राची भाषा आपोआप बदलते, तुमचीही आणि त्यांचीही.

ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, दोन वर्षांची मुदत आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही. पण पोलीस कारवाईतल्या टोइंगला 'सेवा' म्हणायचं का यावर समोरचा वकील भांडणारच. दोन-तीन हजारांसाठी मी तिकडे जायला सांगत नाही. शॉकअप-चासी गेली असेल तर वकिलाला विचारून जा.

७. विमा

फक्त थर्ड पार्टी असेल तर विसरा. पूर्ण विमा असेल तर नुकसान बसतं, पण आधी हिशेब करा. चार वर्षं उलटलेली गाडी, सुटे भाग १,४०० रुपयांचे, त्यातलं प्लास्टिक ९०० आणि धातू ५००. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, राहिले ४५०. धातूवर ३५ टक्के, राहिले ३२५. त्यातून सक्तीचे १०० वजा. हातात ६७५ रुपये, आणि पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस शून्यावर. आरसा-इंडिकेटरसाठी हा सौदा कोणी करू नये. शॉकअप, रिम किंवा चासी असेल तरच क्लेम करा, आणि दुरुस्तीला हात लावण्याआधी विमा कंपनीला कळवा. सर्व्हेअरने बघितलं नाही तर पैसे अडकतात. विम्याचे पैसे घेतलेत तर तेच पैसे पुन्हा ठेकेदाराकडे मागता येत नाहीत, घसाऱ्यात कापलेला फरक मात्र मागता येतो.

८. गाडी बंद पडल्यावर स्वतः बोलावलेलं टोइंग

इथे मामला सोपा आहे. पैसे देऊन किंवा विम्याच्या जोडीला घेतलेली सेवा आहे, ग्राहक आयोगात 'सेवा' या शब्दावर अडवणूक होत नाही. चढवण्याआधी चालकासमोर व्हिडिओ घ्या आणि त्याच्या ॲपमध्ये किंवा कागदावर गाडीची अवस्था लिहून घ्या. साइड स्टँडवर टेकवून बांधू देऊ नका, रस्त्यातल्या खड्ड्यांत स्टँडचा नट उसवतो किंवा गाडी कलंडते. पट्टे हँडलच्या टोकांना नकोत, खाली शॉकअपच्या टीला, म्हणजे दोन्ही शॉकअप धरून ठेवणाऱ्या आडव्या भागाला बांधायचे, दोन्ही बाजूंनी सारखे ताणून, शॉकअप थोडा दबेल इतपत. मागचं चाकही बांधायला सांगा. चालक 'काही होत नाही साहेब' म्हणाला, तर तेही व्हिडिओत येऊ द्या.