माझी जुनी मॅक-१० अडकायची, ती कशी सुटली

मी टेक्सासमध्ये राहतो, इथं सिटिझन झाल्यावर बरीच वर्षं पैसे साठवून एक मॅक-१० घेतली, म्हणजे छोटी मशीनगन, .४५ इंची गोळीवाली. गॉर्डन इंग्रमचं डिझाइन, दिसायला अक्षरशः पत्र्याचा डबा. मे १९८६ च्या आधी रजिस्टर झालेल्याच फुल-ऑटो, म्हणजे घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात अशा बंदुका इथं सामान्य माणसाला घेता येतात, म्हणून डब्याला सोन्याचा भाव, वर २०० डॉलर टॅक्स, बोटांचे ठसे आणि मंजुरीची वाट बघत बसायचं. बायको म्हणाली एवढ्यात गाडी आली असती, खरंय.

तर रेंजवर दोन-तीन गोळ्या सुटल्या की अडकायची. आधी मॅगझिनला दोष दिला, मग गोळ्यांना, दोन नवीन मॅगझिन आणली उगाच. शेवटी रिकामी आहे ना हे दोनदा बघून उघडली तर मागचा बफर, तो धक्का झेलणारा प्लास्टिकसारखा तुकडा, जुन्या खारी बिस्किटासारखा भुगा झालेला आणि ते कण बोल्टच्या, म्हणजे आत मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या वाटेत. साफ केलं, नवा बफर टाकला, स्प्रिंग पण बदलली, झालं. रिसीव्हरला, म्हणजे बंदुकीच्या मुख्य सांगाड्याला मात्र हात लावला नाही, नोंदणी त्याच्यावरच असते, तो गेला तर सगळंच गेलं.

सप्रेसर, म्हणजे आवाज कमी करणारी नळी, वेगळा फॉर्म भरून तयारच घेतला. .४५ ची गोळी मुळातच आवाजाच्या वेगापेक्षा हळू, त्यामुळे फरक जाणवतो, पण सिनेमातल्यासारखं फुस्स वगैरे काही नाही, बोल्टचा खडखडाट आहेच, कानाला मफ लावतोच. आणि धूर तोंडावर येतो तो वेगळाच.