चिनी माणसाला 'प्ले' शिकवताना झालेली फजिती

चिनी लोकांना ऑनलाईन इंग्लिश शिकवायचं डोक्यात असेल तर हे वाचा. लहान मुलांच्या क्लासची आशा सोडा, २०२१ च्या जुलैत तिकडच्या सरकारने शिकवण्यांवर बंधनं आणली आणि परदेशात बसून पोरांना शिकवायचं काम बंदच झालं. आता मिळतात ती नोकरीवाली मोठी माणसं.

माझा पहिला विद्यार्थी चेंगदूचा अकाउंटंट, पस्तिशीचा. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "ऑन संडे आय प्लेड विथ माय कलीग्ज." म्हटलं काय, बॅडमिंटन? तर नाही, हॉटपॉट (टेबलावरच उकळत्या रश्शात शिजवून खायचा तिकडचा प्रकार) खाल्लं आणि गप्पा मारल्या! मला हसू आवरेना आणि तो बिचारा गोरामोरा झाला. नंतर कळलं की चिनीत 'वान' म्हणजे खेळणं, पण मित्रांबरोबर भटकणं, टाईमपास करणं पण वानच, त्याने आपलं सरळ प्ले करून टाकलं.

मग मी जास्तीची हुशारी केली, 'प्ले'चे सात अर्थ एका स्लाईडवर. त्याने सगळे वहीत सुवाच्य उतरवले आणि पुढच्या क्लासला एकही वापरला नाही. हे करू नका.

चाललं ते उलटं. त्यालाच विचारलं, पियानो वाजवण्याला तुमच्यात काय म्हणता? 'थान'. बास्केटबॉलला? 'ता', म्हणजे मारणं. फुटबॉलला 'थी', लाथ मारणं, आणि व्हायोलिनला 'ला', म्हणजे चक्क ओढणं. बघा, आपल्याकडे पेटी वाजवतात आणि क्रिकेट खेळतात, म्हणजे आपली दोन क्रियापदं आणि त्यांची चार, इंग्लिशचं मात्र एकच, त्यामुळे त्याची अडचण आपल्याला चटकन कळते जी फक्त इंग्लिश येणाऱ्या टीचरला कळायला वेळ लागतो. वहीत त्याने चारही खाली खाली लिहून सगळ्यांना एक कंस केला, बाहेर प्ले, आणि 'वान विथ फ्रेंड्स' वेगळ्या रंगात, समोर हँग आउट. अर्थ पाठ करायला लावण्यापेक्षा कशासोबत कोणतं क्रियापद येतं ते विचारत राहा.

'ओपन द लाईट' पण ऐकायला मिळेलच, कारण दार उघडणं, दिवा लावणं, गाडी चालवणं या सगळ्याला त्यांचं एकच 'खाय'.

आणि हो, बीजिंगची वेळ आपल्यापुढे अडीच तास, अख्ख्या चीनला तीच. गुगल डॉक्सची लिंक पाठवू नका, तिकडे उघडत नाही, मी आठवडाभर पाठवत होते आणि तो संकोचाने काही बोलला नाही.